कधी घेते, कधी घेत नाही: देऱ्यातल्या गाड्यांच्या स्टार्टिंगचा आढावा

गॅरेजच्या दारात नेली की गाडी पहिल्याच चावीला चालू होते. मेकॅनिक दहा वेळा बंद करतो, दहा वेळा चालू करून दाखवतो, बोनेट खाली टाकतो आणि म्हणतो, "काही नाही, ठीक आहे." दोन दिवसांनी भर दुपारी दुबईच्या देरा भागात, अल मुतीनाच्या रस्त्यावर, मागच्या सीटवर किराण्याच्या पिशव्या आणि शेजारी घामाघूम झालेली लेक असताना तीच गाडी नुसती घरघरत राहते. वीस-पंचवीस मिनिटं गेली की काहीही न करता पुन्हा चालू. मी या चक्रात दीड वर्ष काढलं. त्या काळात दोन बॅटऱ्या आणि एक सेल्फ (स्टार्टर मोटर) बदलला, पेट्रोल पंप बदलण्याच्या बेतात होतो. तेव्हा हॉर अल अंझमधल्या एका छोट्या दुकानात चिपळूणकडचा एक वायरिंगवाला भेटला. त्याने बोनेटला हातही लावला नाही. म्हणाला, "साहेब, काय होतं ते मी बघीन. कधी होतं ते तुम्ही सांगा."

मला ते सांगता येईना. "कधीपण होतं," एवढंच मी म्हणालो. त्यावर त्याने मला एक महिना थांबायला आणि प्रत्येक वेळेची नोंद ठेवायला सांगितलं. पुढे या विषयावर जे वाचलं, पाहिलं, विचारलं, ते सगळं त्या एका वाक्यापाशी येऊन थांबतं. कायमचा बिघाड हुडकायला हत्यारं पुरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाला साक्षीदार लागतो, आणि तो साक्षीदार गाडीवाल्याशिवाय दुसरा कुणी असू शकत नाही.

आधी शब्दांचा घोळ निस्तरावा लागतो. "गाडी स्टार्ट घेत नाही" या आपल्या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. पहिली, चावी फिरवली की नुसतं टक् होतं किंवा तेही होत नाही; सेल्फ फिरतच नाही. दुसरी, सेल्फ फिरतो पण दमल्यासारखा, ओढत ओढत. तिसरी, सेल्फ झकास फिरतो पण इंजिन पकड घेत नाही. पहिल्या दोन तक्रारी वीज पोचण्याच्या आहेत. तिसरी पेट्रोल, ठिणगी किंवा त्या दोघांना हुकूम देणाऱ्या कॉम्प्युटरची. हे तीन प्रकार वेगळे न करता दुकानदाराकडे गेलं, तर तो आपल्याकडे जे विकायला आहे तेच बदलतो. माझी पहिली बॅटरी अशीच बदलली गेली. माझा सेल्फ तेव्हा उत्तम फिरत होता, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तरीही सुरुवात बॅटरीपासूनच करायला हवी, कारण देऱ्यात ती खरोखरच मरते. आपल्याकडे समज असा की बॅटरीची वैरीण थंडी. थंडीत ती उघडी पडते हे खरं, पण तिला मारते उष्णता. शिसं-आम्लाच्या बॅटरीतल्या रासायनिक क्रिया तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की दुपटीच्या वेगाने चालतात, आणि त्यात तिची झीज करणाऱ्या क्रियाही आल्या. प्लेटांची जाळी गंजते, पाणी उडतं. भारतात किंवा युरोपात चार-पाच वर्षं चालणारी बॅटरी इथे दोन उन्हाळे काढले तरी पुष्कळ. उष्ण प्रदेशासाठी बनवलेल्या बॅटऱ्यांत आम्लही मुद्दाम थोडं सौम्य ठेवतात. पूर्ण चार्ज असताना त्याची घनता १.२८ ऐवजी १.२४ च्या आसपास असते.

इथल्या बॅटरीचा खरा त्रास मात्र असा, की ती आजारपण दाखवत नाही. उन्हाळ्यात इंजिनातलं तेल पातळ असतं, गरम बॅटरी होती नव्हती तेवढी ताकद पटकन देते, त्यामुळे अर्धमेली बॅटरीसुद्धा मे महिन्यात गाडी टुणकन चालू करते. मग एके दिवशी काहीही सूचना न देता बसते. किंवा डिसेंबरच्या पहाटे, पारा पंधरा अंशांपर्यंत उतरला की अचानक कुरकुरू लागते, आणि माणूस म्हणतो, "कालपर्यंत तर चांगली होती!"

यात देऱ्यातल्या राहणीचाही वाटा आहे. इथे पार्किंगची जागा मिळाली की ती सोडवत नाही. मेट्रोची रेड लाइन ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली आणि ग्रीन लाइन बरोबर दोन वर्षांनी. युनियन, सलाह अल दिन, बनियास स्क्वेअर या स्टेशनांच्या आसपास राहणारी कितीतरी कुटुंबं कामाला मेट्रोने जातात आणि गाडी आठवडाभर उन्हात उभी असते. बंद गाडीलाही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर यांच्यासाठी थोडा करंट लागतच असतो. चांगल्या गाडीत तो पन्नास मिलिअँपिअरच्या आत असावा असं मानतात. पन्नासच धरला तरी आठवड्याला सुमारे ८.४ अँपिअर-तास होतात. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. मग सुट्टीच्या दिवशी गाडी बाहेर काढायची, एसी पूर्ण जोरात लावायचा आणि शारजाच्या बाजूला अल इत्तिहाद रस्त्यावरच्या गर्दीत रांगत राहायचं. गाडी जागच्या जागी धुगधुगत असते तेव्हा अल्टरनेटर पुरेसा करंट देत नाही. पंखे आणि एसी त्यातलाच खाऊन टाकतात. तासभर गाडी चालवूनही बॅटरी भरलेली नसते. अशा गाडीला नवी बॅटरी घालून काही महिने बरे जातात, आणि मूळ कारण तसंच राहतं.

तपासायला लागतं ते वीस-तीस दिरहॅमचं साधं मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी संशयित. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. हे तीन आकडे लिहून ठेवल्याशिवाय बॅटरी विकत घेऊ नये, असं मी आता ज्याला त्याला सांगतो.

चौथी चाचणीही आहे, आणि ती देऱ्यात फार कमी दुकानांत होते. बॅटरी चांगली असूनही सेल्फपर्यंत वीज पोचत नाही, तेव्हा दोष टर्मिनलमध्ये, केबलमध्ये किंवा अर्थिंगच्या पट्ट्यात असतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. मीटरने अर्धा व्होल्ट दाखवला तर तेवढी वीज वाटेतच गळतेय. खाडीकाठच्या खारट दमट हवेत अर्थिंगचे पट्टे आतून हिरवे पडतात. वरून रबराचं आवरण शाबूत दिसतं. असा सांधा कधी धरतो, कधी सोडतो. बोनेट उघडताना, गाडी हलवताना, मेकॅनिकने केबल चाचपताना तो नेमका धरतो. दाराशी नेलेली गाडी चालू होण्यामागे इतकं साधं कारण असू शकतं.

सेल्फचीही उष्णतेशी एक गाठ आहे. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. इंजिनच्या कुशीत, एक्झॉस्टच्या शेजारी बसलेला सेल्फ ऐंशी अंशांनी जास्त तापला की त्याच्या सोलेनॉइडच्या (सेल्फला जोडून घेणाऱ्या विद्युतचुंबकाच्या) वेटोळ्याचा रोध तीस टक्क्यांहून अधिक वाढतो. थंड असताना कसाबसा ओढणारा सोलेनॉइड तापल्यावर ओढतच नाही. हेडलाइट लावून चावी फिरवली आणि दिवे लख्ख राहिले, सेल्फ मात्र गप्प, तर बॅटरीला दोष देऊ नये. सोलेनॉइड, रिले, चावीचं स्विच किंवा ऑटोमॅटिक गिअरच्या दांड्याचं स्विच यांच्याकडे वळावं. दांडा पी वरून एन वर घेऊन चावी मारून बघायला काहीच खर्च नाही. दिवे विझल्यासारखे मंद झाले तर मात्र बॅटरी किंवा टर्मिनल.

आता तिसरी तक्रार. सेल्फ फिरतो, इंजिन पेट घेत नाही. ही सगळ्यात अवघड आणि देऱ्यातल्या उन्हाळ्याशी सगळ्यात जास्त जोडलेली.

महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीला ती बालपणापासून ठाऊक आहे. कसारा किंवा खंडाळ्याचा घाट चढताना फियाट, अँबॅसिडर बंद पडायची. ड्रायव्हर उतरून बोनेट उघडायचा आणि एसी पंपावर ओलं फडकं ठेवायचा. हा एसी म्हणजे थंड हवेचा नव्हे, पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप. पेट्रोलचा सगळ्यात हलका अंश पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतो. पंप इंजिनवर बसवलेला, टाकी मागे. पंप ओढतो म्हणजे नळीतला दाब कमी होतो, आणि कमी दाबाखाली द्रव आणखी लवकर उकळतो. नळीत वाफ झाली की पंप वाफच ओढत बसतो. ओल्या फडक्याने वाफेचं परत पेट्रोल व्हायचं. ड्रायव्हरला भौतिकशास्त्र ठाऊक नसेल, उपाय मात्र नेमका होता.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोल तीन-चार बार दाबाने पुढे ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहज उकळत नाही. इंजिन बंद केल्यावरही हा दाब टिकावा म्हणून पंपात एकमार्गी झडप असते. ती झिजली की दाब उतरतो. इंजिन बंद होतं तेव्हा पाणी फिरायचं थांबतं, हवेचा झोत थांबतो, आणि बोनेटखालची उष्णता पुढची वीस ते चाळीस मिनिटं वाढतच जाते. दाब उतरलेला, वरून ही धग. इंजेक्टरच्या नळीत पुन्हा तीच जुनी वाफ होते. म्हणून किराणा घ्यायला थांबलेली गाडी रुसते, आणि दहा तास उभी राहिलेली किंवा दोनच मिनिटं थांबलेली चालू होते.

याची परीक्षा इतकी सोपी आहे की ती कुणी सांगत का नाही याचं मला नवल वाटतं. चावी फक्त ऑन करा, दोन सेकंद थांबा, ऑफ करा. असं तीनदा. प्रत्येक वेळी मागच्या सीटखाली पंपाची बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. मग सेल्फ मारा. गाडी चटकन चालू झाली तर दाब उतरत होता, हे जवळजवळ नक्की. गुणगुण ऐकूच आली नाही तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले बघावा. १९९० च्या दशकातल्या होंडा गाड्यांत डॅशबोर्डखालच्या मेन रिलेची ही कथा जगभरच्या मेकॅनिकांना पाठ आहे: उन्हात तापलेल्या केबिनमध्ये रिलेमधले झाळलेले सांधे चिरेतून उघडायचे, पंपाला वीज मिळायची नाही, आणि काचा उघडून केबिन निवली की सांधे पुन्हा जुळायचे. देऱ्यात उन्हात उभ्या गाडीच्या आतलं तापमान साठ अंशांच्या पुढे जातं. असे सांधे सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांत असतात.

याच्या उलटही घडतं. इंजेक्टर गळत असेल तर बंद इंजिनात पेट्रोल ठिबकतं आणि पुढच्या वेळी मिश्रण इतकं दाट होतं की पेटत नाही; ज्याला मिस्त्री लोक ओव्हर होणं म्हणतात. तेव्हा एक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला तर बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो, नुसती हवा आत घेतो आणि इंजिन सुकून चालू होतं. म्हणजे तीन चाव्यांनी चालू झाली तर पेट्रोल कमी पडत होतं, पाय दाबून चालू झाली तर जास्त होत होतं. रस्त्यात अडकलेल्या माणसाच्या हातातले हे दोन प्रयोग गॅरेजमधल्या तासाभराच्या तपासणीपेक्षा मोलाचे, कारण ते बिघाड हजर असताना केलेले असतात.

पेट्रोलचा दाब ठीक, तरीही तापल्यावर पकड नाही. मग राहतो क्रँक सेन्सर. फिरणाऱ्या क्रँकच्या दातांजवळ बसलेलं हे बोटाएवढं यंत्र कॉम्प्युटरला सांगतं की इंजिन फिरतंय आणि पिस्टन कुठे आहे. त्याचा निरोप आला नाही तर कॉम्प्युटर ठिणगीही देत नाही, पेट्रोलही देत नाही. आतलं बारीक वेटोळं किंवा चिप जुनी झाली की तापल्यावर तुटते आणि निवल्यावर जुळते. ओळखण्याची एक खूण घरबसल्या बघता येते: सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासाही हलला नाही, तर संशय या सेन्सरवर. सगळ्या गाड्यांत ही खूण लागू पडत नाही, पण पडते तेव्हा ती फार बोलकी असते. पक्कं करायला त्या सेन्सरवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडून बिघाड मुद्दाम आणायचा, किंवा बिघडलेल्या क्षणी थंड पाणी टाकून घालवायचा.

तापल्यावर मरणाऱ्या आणि निवल्यावर जिवंत होणाऱ्या भागांनी केवढा अनर्थ होतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फोर्डने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कोट्यवधी गाड्यांत ठिणगी नियंत्रित करणारं एक मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्यूटरवर, म्हणजे इंजिनच्या धगीतच, बसवलं. तापलं की ते बंद पडायचं, गाडी चालता चालता थांबायची किंवा पुन्हा चालू व्हायची नाही. टोचन करून डीलरकडे नेईपर्यंत ते निवायचं आणि तपासणीत सगळं ठीक निघायचं. लोक तक्रार करत राहिले, कागदावर "दोष आढळला नाही" असं येत राहिलं. अखेर २००० साली कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीच्या न्यायाधीशांनी त्या राज्यातल्या सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला, आणि पुढच्या वर्षी खटल्यात तडजोड झाली. त्या प्रकरणाबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की हजारो माणसं खरं बोलत होती आणि यंत्राने त्यांना खोटं पाडलं होतं. "दोष आढळला नाही" याचा अर्थ "दोष नाही" असा होत नाही. त्या वेळी, त्या तापमानाला तो तिथे नव्हता, इतकाच त्याचा अर्थ.

जनरल मोटर्सच्या चावीच्या स्विचचं प्रकरण याचंच भावंड. स्विच इतकं सैल होतं की धक्क्याने चावी 'रन', म्हणजे इंजिन चालू असण्याच्या जागेवरून सरकायची. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीच्या नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मानले. शोध वर्षानुवर्षं लांबला त्याचं एक कारण असं, की २००६ च्या सुमारास स्विचची रचना सुधारली गेली, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. जुना आणि नवा भाग कागदावर सारखेच. बाहेरच्या एका इंजिनिअरने दोन्ही स्विच शेजारी शेजारी ठेवून मोजले, तेव्हा उलगडा झाला.

सुट्या भागांचा विषय देऱ्यात टाळून चालत नाही. नाईफच्या आसपासच्या गल्ल्यांत सुट्या भागांची दुकानं खचाखच भरलेली आहेत. इथून माल आफ्रिकेपर्यंत जातो. एकाच सेन्सरच्या तीन किमती सांगतात: कंपनीचा, तैवानचा, आणि ज्याचं नाव कुणी घेत नाही तो. बनावट भागांवर दुबईत अनेकदा छापे पडले आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडात स्वस्त भागाचा धोका दुप्पट असतो: नवा भागच तापल्यावर बंद पडला, तर माणूस समजतो की दोष त्या भागात नव्हताच, आणि तपास चुकीच्या दिशेने निघतो. म्हणून बॅटरी स्वस्तातली चालेल, बल्ब चालेल, क्रँक सेन्सर आणि रिले मात्र खात्रीचेच घ्यावेत आणि जुना भाग परत मागून घ्यावा.

"पण आता तर स्कॅनर लावला की सगळं कळतं ना?" हा प्रश्न नेहमी येतो. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरनेच दोषाचा कोड नोंदवण्याची पद्धत) सक्तीचं झालं आणि त्याने मेकॅनिकचं काम सोपं केलं, यात शंका नाही. पी ०३३५ आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी ०११७ किंवा पी ०११८ आला तर पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही साठते: इंजिन किती तापलं होतं, किती फिरत होतं. पण कोड म्हणजे कॉम्प्युटरला जे विचित्र वाटलं ते, आणि प्रत्येक दोष त्याला विचित्र वाटत नाही. तापमानाचा सेन्सर खोटं बोलला, तरी ते खोटं शक्यतेच्या कक्षेत असेल तर कोड येत नाही. हा सेन्सर वीस अंशांना साधारण दोन-तीन हजार ओहम आणि ऐंशी अंशांना दोन-तीनशे ओहम दाखवतो. मधल्या तारेत गंज चढून रोध वाढला की कॉम्प्युटरला जुलैच्या दुपारी वाटतं, इंजिन गार पडलंय. तो पेट्रोल वाढवतो आणि गाडी ओव्हर होते. स्कॅनरवर कोड शोधण्याऐवजी रात्रभर उभ्या गाडीत पाण्याचं आणि बाहेरच्या हवेचं तापमान जुळतंय का, एवढंच बघितलं असतं तर दोष सापडला असता. बॅटरीची वायर काढून कोड पुसून टाकणारे गॅरेजवाले तर एकुलता एक पुरावाच जाळतात. याबद्दल मला खरोखर राग आहे.

ओल आणि पावसाच्या पाण्याचा भाग देऱ्यात एरवी थोडक्यात संपला असता. डिसेंबर ते फेब्रुवारी धुक्याच्या सकाळी चिरलेल्या कॉइलवर दव बसून गाडी फटफटते, बाटलीतल्या पाण्याचा बारीक फवारा मारून तो दोष मुद्दाम आणून बघता येतो. पण १६ एप्रिल २०२४ नंतर हा भाग मोठा झाला. त्या दिवशी दुबई विमानतळावर १४० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, जिथे वर्षभराची सरासरीच शंभरच्या आत आहे. मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवतो, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर. त्यानंतरच्या महिन्यांत पाण्यात गेलेल्या गाड्यांनी दिलेला त्रासही आठवतो. पाण्यात गेलेल्या गाडीची वायरिंग लगेच बिघडत नाही. कनेक्टरच्या आत ओल राहते, पिना हळूहळू हिरव्या पडतात, आणि सहा-आठ महिन्यांनी, गाडी कदाचित दुसऱ्याच्या मालकीची झाल्यावर, कधी घेते कधी घेत नाही हा खेळ सुरू होतो. जुनी गाडी घेताना सीटच्या रुळांवरचा गंज, गालिच्याखालची माती, फ्यूजच्या पेटीतला पांढरा थर बघावा. २०२४ नंतर हे इथे अनिवार्य झालं आहे.

डिझेल पिकअपवाल्यांसाठी थोडं वेगळं. सकाळी पहिल्यांदा जास्त वेळ सेल्फ मारावा लागतो आणि दिवसभर ठीक, तर रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरतंय. नळीत किंवा फिल्टरच्या बैठकीत हवा शिरते आहे. तापल्यावर त्रास असेल तर इंजेक्टर झिजलेत: गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटींतून परतीच्या नळीत निसटतं आणि चालू व्हायला लागणारा दाब बनतच नाही. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या बाटल्यांत सोडल्या की कोणती बाटली लवकर भरते ते डोळ्यांना दिसतं. हायब्रिडवाल्यांना वाटतं, आपल्याकडे मोठी बॅटरी आहे. गाडी जागी होते ती मात्र बाजूच्या छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मुकी.

माझ्या वहीकडे परत येतो. पाच आठवड्यांत अकरा वेळा गाडीने दगा दिला. प्रत्येक वेळी मी वेळ, बाहेरचं तापमान, इंजिन बंद करून किती मिनिटं झाली, सेल्फ कसा फिरला, दिवे मंद झाले का, काटा हलला का आणि काय केल्यावर चालू झाली, एवढं लिहिलं. वायरिंगवाल्याने वही उभ्याउभ्या वाचली. अकरांपैकी नऊ नोंदी बंद केल्यानंतर पंधरा ते पंचेचाळीस मिनिटांमधल्या होत्या, सेल्फ झकास, काटा मेलेला. त्याने क्रँक सेन्सर बदलला, कंपनीचा, आणि जुना माझ्या हातात दिला. उरलेल्या दोन नोंदींवर त्याने बोट ठेवलं. त्या पहाटेच्या होत्या, आणि त्यांत सेल्फ फिरलाच नव्हता, नुसतं टक्. "हे दुसरं दुखणं आहे," तो म्हणाला. "दोन दुखणी एकत्र आली म्हणून कुणाला कळत नव्हतं."

माझ्या मनात कधी आलंच नव्हतं की बिघाड दोन असू शकतात. पहिली बॅटरी बदलल्यावर गाडी काही दिवस बरी वाटली, कारण टर्मिनल घट्ट बसवताना दुसरं दुखणं तात्पुरतं दबलं होतं. दुपारचा त्रास तसाच राहिला, म्हणून सेल्फ बदलला गेला. सेल्फ बदलताना अर्थिंगचा पट्टा पुन्हा हलला. प्रत्येक दुरुस्तीने थोडं काहीतरी सुधारत होतं आणि त्या थोड्या सुधारणेने आम्हा सगळ्यांची दिशाभूल होत होती.

दुसरा दोष लगेच सापडला नाही. त्याने मीटर लावला तेव्हा आकडा स्वच्छ आला, आणि त्याने पैसे घ्यायला नकार दिला. म्हणाला, थंडी पडू द्या. जानेवारीत एका पहाटे सहाला गाडीने टक् केलं. मी चावीला पुन्हा हात लावला नाही, बोनेटही उघडलं नाही. त्याला फोन केला, आणि तो अर्ध्या तासात मीटर घेऊन हॉर अल अंझहून चालत आला. बॅटरीच्या ऋण खांबापासून इंजिनपर्यंत दोन व्होल्टांहून जास्त गळत होते. गिअरबॉक्सजवळच्या अर्थिंगच्या पट्ट्याचं आवरण त्याने ब्लेडने उभं चिरलं. आत तांबं नव्हतंच, हिरवी भुकटी होती, आणि तिच्यात शाबूत राहिलेल्या चार-पाच तारा.

पट्टा अठरा दिरहॅमला मिळाला.